आक्काकडचं विरजण

नदीवरची मोटर चालू करायला नदीवर जावं लागत नाही असं पोरानं सांगितलं, तेव्हा मी त्याला वेड्यात काढलं होतं. मोटर म्हणजे काय कुत्रं आहे, घरातनं हाक मारली की उठायला? पण त्यानं कोल्हापुरात शाहूपुरीतनं एक पेटी आणली, काठावरच्या खोलीत स्टार्टरच्या शेजारी बसवली, आणि घरी येऊन पुढच्या सोप्यात बसून फोनवर बोट टेकवलं. थोड्या वेळानं आमच्या मळ्यातल्या पाइपाच्या तोंडातनं आधी हवा फुसफुसली, मग भसाभसा पाणी पडलं. मी पाण्याकडं बघितलं, फोनकडं बघितलं.

म्हटलं, "ह्यो निरोप घिऊन गेला कोण?"

आमचं घर गल्लीच्या शेवटाला. मागच्या परड्याचं दार उघडलं की मळा सुरू होतो. मळा सपाट आहे, तिथं मी अजून खोरं घेऊन राबतो, त्यात कुणाची मदत लागत नाही. अडचण नदीची. दूधगंगेचा काठ आमच्या बाजूला उंच, आणि मोटरीच्या खोलीकडं उतरायची वाट म्हणजे नुसती घसरगुंडी. गुडघे गेल्यापासून ती उतरण मला जमेना. मग शेजारपाजाऱ्याला म्हणायचं, जाता जाता जरा बटण दाबून ये. एकदा म्हटलं, दोनदा म्हटलं. रोज उठून कुणाच्या दारात उभा राहू? मी परक्या दारात प्यायला पाणी मागणारा माणूस नव्हे, तर उसाला कुठलं मागणार! त्यामुळं ही पेटी आली तेव्हा माझे पायच कुणीतरी परत आणून दिले असं मला वाटलं.

पण त्यात एक मेख होती. मोटर चालू करायची तर फोनात त्या कंपनीचं एक पान उघडावं लागायचं. वेबसाईट म्हणतात तिला. त्या पानाला दार, आणि दारात उभं राहिलं की ते नंबर विचारायचं. एक दिवस उघडलं नाही की परत नंबर. आणि तो नंबर यायचा पोराच्या फोनवर, कारण पेटी त्याच्या नावावर घेतलेली.

पोरगं कामाला कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत. तिथं मशीनवर उभं राहताना फोन लॉकरात ठेवावा लागतो. म्हणजे शेताला लाईट यायची, ऊस तहानलेला, मी सोप्यात फोन घेऊन तयार, आणि माझ्या मोटरीचा नंबर कागलात एका लोखंडी कपाटात वाजतोय. चहाच्या सुट्टीत त्यानं फोन बघितला तर बघितला. तोवर इकडं नंबराची मुदत संपलेली.

एका संध्याकाळी मी त्याला धरलाच.

"नंबर माज्या फोनवर यीव दे की लेका."

"आबा, किती येळा सांगू? नंबर बदलायचा तर कंपनीला कागदं पाठवा, फोन करा. मी करतोय, कोण उचलत न्हाय."

"मग मी काय करू? ऊस वाळला."

तो बूट काढत होता. मान वर न करता म्हणाला, "मला वाटतंय, मळा वाट्यानं देऊया."

वाट्यानं देणं म्हणजे शेत आपलं, कसणार दुसरा. पीक निम्मं त्याचं, निम्मं आपलं, आणि आपण बांधावर उभं राहून बघत बसायचं. आमच्या गल्लीतले माझ्या वयाचे सगळे आता तेच करतात. सकाळी अंघोळ करून पांढरी कापडं घालतात आणि कट्ट्यावर बसतात. त्यांची बोटं बघा, मऊ पडलीत.

मी म्हटलं, "ह्या उन्हाळ्यात सगळा ऊस मी एकटा पाजून दाखवतो. तुज्याकडं नंबर मागणार न्हाय, कुणाला नदीवर धाडणार न्हाय."

"आणि मागितलासा तर?"

"मागितला तर दे जा मळा वाट्यानं. मी आडवा येणार न्हाय."

आतनं भाकरी थापायचा आवाज थांबला. घरची म्हणाली, "अवो, त्ये तोंड हाय का काय हाय?"

पण शब्द गेला होता. आणि मी गेलेला शब्द परत घेत नाही, हे घरात भांड्याकुंड्यांनाही माहीत आहे.

सूनबाई तालुक्याला एका पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसते. माझ्याशी ती बेतानंच बोलते, भांडण चाललं की पदर खोचून आत निघून जाते. पण त्या रविवारी ती आपणहून सोप्यात आली. पोराच्या कंपनीला सुट्टी सोमवारची, त्यामुळं तो कामावर होता.

"मामा, नंबराचं झंगाटच नको. आपण पासकी करूया."

मी म्हटलं, "कोण पास?"

"पासकी, मामा."

"आगं, पर पास झालं कोण?"

ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. माझं काय चुकलं ते मला कळेना. आमच्याकडं बोलताना शेवटाला 'की' येतोच. जेवलास का? जेवलो की. पोरगं पास झालं का? पास की! मी चौथीच्या पुढं गेलो नाही, आणि चौथीतनंही मास्तरांनीच हात जोडून घरी पाठवलेलं. माझ्याविषयी 'पास की' असं कुणी कधी म्हणालेलं नव्हतं, त्यामुळं कान लगेच तिकडंच गेला.

मग तिनं नीट सांगितलं. "आता त्ये पान तुमाला सारखा नंबर इचारतंय. पासकी केली की तुमच्या फोनातच एक किल्ली तयार हुती. पान नुसतं म्हणणार, किल्ली हाय का? फोन म्हणणार, हाय. किल्ली फोनातनं भाईर जात न्हाय. तोंडानं सांगायची न्हाय, आणि कुणी गोड बोलून मागितली तरी तुमाला देता येत न्हाय."

"आणि दुसरंच कुठलं पान सोंग घिऊन आलं तर?"

"त्याला ती किल्ली लागतच न्हाय."

"म्हंजे म्हशीवाणी. धन्याबिगार कुणाला धार देत न्हाय."

"तसंच की, मामा."

इथवर मला पटलं. पोरानं आदल्या रात्री शेवटचा नंबर घालून माझ्या फोनात ते पान उघडून ठेवलेलं होतं, पैज त्या रविवारपासून धरायची म्हणून. त्यात सूनबाई पासकी करायला गेली, तर फोननं विचारलं, ही किल्ली ह्या खात्यात ठेवू का? वरच्या कोपऱ्यात गोलात कुणाचा तरी फोटो होता. चष्मा लावून बघितलं.

"हे कोण?"

सूनबाई हळूच म्हणाली, "हे." नवऱ्याचं नाव ती घेत नाही, पण मी ओळखलं. माझा फोन पहिल्यांदा चालू केला होता पोरानं, म्हणून त्यातलं खातं त्याचं.

"म्हंजे किल्ली घडवायची मी, आणि ठेवायची परत त्याच्याच खिशात?"

"आपलंच माणूस हाय की, मामा."

"आपलं माणूस म्हणूनच पैज लावलीया. नको."

तिनं फोनवर 'नको' दाबलं. मग म्हणाली, "दुसरी एक सोय हाय. पर ती तुमाला झेपंल का बघा."

झेपंल का! हे शब्द तिनं मुद्दाम वापरले असतील तर ती माझ्यापेक्षा हुशार आहे.

सोय अशी होती. फोनात एक तिजोरी बसवायची. ती कुठल्या कंपनीची नाही, फुकटातली आहे, आणि तिच्यातला माल आपल्याजवळच राहतो. किल्ली त्या तिजोरीत ठेवायची. तिजोरी उघडायला एक परवलीचं वाक्य. "पर मामा, ऐका. ह्यात मालक तुमीच, आणि जबाबदारी बी तुमचीच. वाक्य इसरलासा तर मी, हे, किंवा ती तिजोरी बनवणारी माणसं, कुणी कुणी उघडू शकत न्हाय. आणि फोन गेला तर तिजोरी बी गेली. म्हणून तिची एक नक्कल दुसरीकडं ठेवायची. ह्या घरात न्हाय. दुसऱ्या घरात."

लोकांना हे समजायला अवघड जातं म्हणे. मला लगेच समजलं. आमच्या घरचं दही आईच्या काळापासून एकच आहे. थोरली आक्का लग्न होऊन निपाणीच्या अलीकडं गेली, तेव्हा आईनं तिच्याबरोबर गाडग्यातनं विरजण दिलं होतं. पुढं एकदा आमच्याकडचं दही नासलं, तार सुटली, म्हशीच्या पुढ्यात ओतावं लागलं. तेव्हा आई दुसरीकडं कुठं गेली नाही, आक्काकडनं वाटीभर घेऊन आली. परत आमचंच दही. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांचं विरजण राखून आहेत.

मी म्हटलं, "नक्कल आक्काकडं."

माझा अंगठा त्या काचेला काही उमटला नाही. रेशनच्या दुकानात तरी कुठं उमटतो! म्हणून प्रत्येक वेळी वाक्य हातानंच टाईप करायचं ठरलं. सूनबाई म्हणाली, एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, पण तुम्हाला विसरायला होणार नाहीत असे. मी आमच्या शेतांची नावं सांगितली. ती म्हणाली, ती तर गावाला पाठ आहेत. मग मी डोळे मिटून येतील ते शब्द घेतले. आता ते वाक्य बदललंय, त्यामुळं सांगायला हरकत नाही.

लंगडी म्हस तिखट आभाळ पायताण.

सूनबाईनं तोंड भिंतीकडं केलं. "मी बघत न्हाय, मामा. मनातल्या मनात म्हणा आणि लिवा."

"मनात म्हटलं तर बोटाला कसं कळंल?"

मी आयुष्यात एकही अक्षर मुक्यानं वाचलेलं नाही. पेपर वाचतो तो कट्ट्यावर ऐकू जाईल असा. लिहिताना आधी बोलतो, मग लिहितो. म्हणून "लं... ग... डी... म्ह... स..." असं करत मी ते माझ्यापुरतं मोठ्यानं म्हणत टाईप केलं. शेजारचं डोळ्याचं चित्र दाबलं की अक्षरं दिसतात, नाहीतर नुसते ठिपके. ठिपक्यांवर माझा विश्वास नाही, त्यामुळं डोळा उघडा ठेवला. तिजोरी तयार झाली, किल्ली तिच्यात पडली. सूनबाईनं तिची नक्कल एका बोटाएवढ्या पेनड्राईव्हवर घेतली आणि पुढच्याच बाजारच्या दिवशी मी ती आक्काच्या हातात नेऊन दिली.

आक्काकडनं परतलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाईट आली. मी सोप्यात बसून पान उघडलं. पान म्हणालं, पासकी? तिजोरी म्हणाली, वाक्य? मी म्हणालो, लंगडी म्हस तिखट आभाळ पायताण. दार उघडलं. कुणाचा फोन नाही, कागल नाही, लॉकर नाही. परड्यात पाइप फुसफुसला. मी खोरं उचललं आणि जाता जाता सुनेला ओरडून सांगितलं, "पास की!"

सगळा चैत्र असा गेला. उसाला वेळच्या वेळी पाणी, पोरगं गप्प. मग एका सकाळी डेअरीत दूध घालायला गेलो, तर मापं घेणारा म्हणाला, "आबा, म्हस लंगडी झाली काय वो?"

"का? बरी हाय की."

मागनं एकजण म्हणाला, "म्हस बरी आसंल, पर आभाळ लई तिखट झालंय औंदा."

सगळी डेअरी हसली. मला काही कळेना. घराकडं वळलो, तर गल्लीत दोरीवरच्या उड्या मारणाऱ्या पोरी तालात म्हणत होत्या: लंगडी म्हस, तिखट आभाळ, पायताण! तेव्हा डोक्यात उजेड पडला. रोज सकाळी आमच्या सोप्यातनं गल्लीला आकाशवाणी चालली होती. आमच्याकडं कुणी हळू बोलत नाही, आणि मी तर मोटरीच्या आवाजावर बोलायला शिकलेला माणूस.

सूनबाईनं डोक्याला हात लावला. "नुसत्या वाक्यानं काय हुत न्हाय, मामा, तिजोरी तुमच्या फोनात हाय. तरी बदला. आणि ह्या टायमाला तोंड मिटून."

वाक्य बदललं. नवीन वाक्य मी ह्या कागदाला सांगणार नाही. पण तोंड मिटून लिहिणं! ओठ दाबले तर डोळ्यापुढं अक्षरं नाचायची, कुठवर आलो तेच सापडायचं नाही. टॉवेलानं तोंड बांधून बघितलं, तर जीभ आतल्या आत वळवळायची. हट्टाला पेटलो. रोज दुपारी पेपर घेऊन कोपऱ्यात बसायचो आणि मुक्यानं वाचायचो. आधी ओळीतला एक शब्द, मग अर्धी ओळ.

घरची दोन दिवस बघत होती. तिसऱ्या दिवशी येऊन कपाळाला हात लावला.

"अवो, बरं न्हाय काय? पेपर का वाचंना झालाय?"

"वाचतोय की."

"मग आवाज?"

"आवाज आत हाय."

ती काही पटल्यासारखी दिसली नाही. पण एक दिवस असं झालं की बातमी संपली आणि ओठ हललेच नव्हते. कुणाच्या तरी लग्नात बैल उधळला होता आणि वरात पांगली होती अशी ती बातमी. मी एकटाच हसलो. सगळ्यांनी वळून बघितलं. मी वाचलेलं पहिल्यांदाच घरात कुणाला कळलं नव्हतं, आणि खरं सांगतो, पोरासोरासारखी मजा वाटली. इतकी वर्षं शिकलेली माणसं हे सुख गुपचूप भोगत होती तर!

वैशाखात नदी खाली गेली आणि उपसाबंदी लागली. म्हणजे बंधाऱ्यात पाणी कमी, म्हणून काही दिवस कुणी मोटरी लावायच्या नाहीत. कायदा सगळ्यांना सारखा, त्यामुळं कुरकुर नाही. उसाची पानं दुपारी वळायला लागली होती, पण बंदी उठली की पहिलं पाणी आपलं, असं मी ठरवलेलं.

बंदी उठायच्या आदल्या दिवशी मी म्हशीच्या टाकीत वाकून शेवाळ घासत होतो. बंडीच्या खिशातनं फोन सुटला आणि बुडुक करून तळाला गेला.

बाहेर काढला तर त्याच्या तोंडाला फेस. ज्याला त्याला एकच औषध माहीत, तांदळात ठेवा. घरात आजऱ्याचा वासाचा तांदूळ होता, सणासुदीला राखलेला. घरचीनं तोच काढला, म्हणाली, नुसत्या तांदळानं न्हाय झालं तर ह्यानं हुईल. रात्रभर ठेवला. सकाळी फोनला घमघमाट सुटला होता, पण जीव आला नव्हता.

आणि त्याच सकाळी बंदी उठली. रविवार होता. लाईट दुपारनंतर जाणार होती. पोरगं पहाटेच कामावर गेलेलं.

घरची म्हणाली, "सूनबाईच्या फोनवरनं पोराला लावा की. चहाच्या सुट्टीत नंबर दील. एकदाच की."

"एकदाच मागितला तर मळा गेला."

"मळा काय पळून जातोय?"

"मळा जात न्हाय. मी जातोय."

हे मी एवढ्या जोरात का बोललो मला माहीत नाही. सूनबाई आत होती. ती बाहेर आली ती गाडीची चावी घेऊनच. तिच्या हातात तिचा जुना फोन होता, तिजोरीचं सॉफ्टवेअर तिनं त्यात घातलेलं, मराठी अक्षरांचा कीबोर्डही. म्हणाली, "चला मामा, आत्तीकडं."

सुनेच्या स्कूटरवर मागं बसून मी गल्लीतनं कधी गेलो नव्हतो. कट्ट्यावरचे सगळे पांढऱ्या कापडात बसलेलेच होते. एकानं आवाज दिलाच, "आबा, डबलसीट? कुठं निघाला जोडा?"

"विरजण आणाय!" मी ओरडलो. खोटं नव्हतं.

आक्काचं घर सीमेच्या पट्ट्यात, तिकडं निम्मं कानडी बोलतात. मला ती लहानपणापासून तम्माच म्हणते, धाकटा भाऊ म्हणून. उंबऱ्यातच तिनं ओळखलं. "ये तम्मा. चेहरा का असा? दही नासलं काय?"

"तसंच समज. तो पेनड्राईव्ह काढ."

ती देवघरात गेली. येताना तिच्या हातात एक खणाची पुरचुंडी. सोडली, तर आत पेनड्राईव्ह हळदी-कुंकवानं माखलेला, वर एक सुकलेलं फूल. "किल्ली हाय म्हणालास ना? रोज पूजा केली." सूनबाईनं टोपण काढून बघितलं. कुंकू आतपर्यंत गेलेलं. तिनं फुंकर मारली, साडीच्या टोकानं पुसलं, परत फुंकर मारली. मी देवाचं नाव घेतलं, मनातल्या मनात, आता जमत होतं. तिनं फोनला जोडला आणि म्हणाली, "दिसली. तिजोरी दिसली, मामा. घाला वाक्य."

मी तोंड मिटून नवीन वाक्य टाईप केलं. तिजोरी म्हणाली, चूक. परत केलं, अक्षर अक्षर बघून. चूक.

आक्का म्हणाली, "फोन कर की पोराला." उन्हं चढत होती. माझ्या डोळ्यापुढं पानं वळलेला ऊस होता, आणि आमच्या कट्ट्यावरची एक मोकळी जागा.

सूनबाई पेनड्राईव्हकडं बघत बसली होती. एकदम म्हणाली, "मामा, ही नक्कल आपण आत्तींना कवा दिली?"

"पासकी केली तवाच."

"आणि वाक्य बदललं?"

"त्याच्यानंतर."

"मग आपण घरची तिजोरी बदलली. हितली जुन्या वाक्यावरच हाय. चूक माजी, मामा, मीच नवीन नक्कल द्यायला पायजे हुती."

मी म्हटलं, "म्हंजे जुन्या दुधाचं दही." आणि जुनं वाक्य तर सगळ्या गल्लीला माहीत! लपवायचं काय? मी मोठ्यानं सांगितलं, तिनं भराभरा टाईप केलं. तिची बोटं कशी चालतात, बघत राहावं.

चूक.

तिनं परत केलं. चूक. तिचा चेहरा उतरला. "मामा, हेच वाक्य हुतं ना? दुसरं काय हुतं का मधी?"

"हेच. गल्लीतल्या पोरीस्नी इचार."

मी फोन ओढून घेतला, डोळ्याचं चित्र दाबलं आणि वाचलं. लंगडी म्हैस तिखट आभाळ पायताण.

"हे काय लिवलंस?"

"म्हैस."

"म्हैस पुस्तकात आसती, पोरी. माज्या दावणीला म्हस हाय."

तिनं तोंडावर हात ठेवला. मी ती पुस्तकातली म्हैस पुसली, आणि एका बोटानं, माझ्या चालीनं, माझी म्हस बांधली. ह्याच म्हशीपायी शाळेत मास्तरांनी माझी बोटं सुजवली होती. तिजोरी उघडली.

मी फोन तसाच पदराखाली झाकल्यासारखा धरून उठलो. "चल लवकर. लाईट जायच्या आत घर गाठाय पायजे."

"कशाला मामा? हितनंच करा की."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. इतके दिवस मी सोप्यातल्या त्याच कोपऱ्यात बसून मोटर चालू करत होतो, जशी काय वायर तिथंच संपते. आक्काच्या सोप्यात बसून पान उघडलं. पासकी विचारली, तिजोरीनं दिली. बटण दाबलं. मग सुनेच्या दुसऱ्या फोनवरनं घरी लावला. घरची परड्यात उभी होती.

"आलं का?"

"नुसती हवा यायला लागलीया."

"थांब. बघ."

"अवो..."

"काय?"

"आलं की! आलं, आलं! माजा पाय भिजला!"

तिथनं ती काय ओरडत होती ते आक्काला फोनाशिवायही ऐकू गेलं असेल. आक्कानं चहा टाकला. मी म्हटलं, चहा मागनं, आधी नवीन नक्कल. तिजोरीला नवीन वाक्य घातलं, तोंड मिटून, मग त्याची नक्कल पेनड्राईव्हवर, जुनी पुसली. सूनबाईनं आत्तीला बजावलं, पूजा करा, पण कुंकू टोपणाच्या वर लावा.

घरी आलो तेव्हा घरचीनं साडी खोचून पहिल्या सऱ्या भिजवल्या होत्या. लाईट असेपर्यंत आम्ही दोघांनी पाणी फिरवलं.

संध्याकाळी पोरगं आलं. बूट काढले, परड्यात गेलं, ओल्या सऱ्यांकडं बघत उभं राहिलं. तांदळातनं काढलेला फोन खिडकीत होता, तो उचलून त्यानं वास घेतला. सूनबाई आत हसत होती, तेवढं ऐकू आलं.

आडसाली लावणीचे, म्हणजे मोकळ्या रानात पावसाळी ऊस लावायचे, दिवस जवळ आले, तसं गल्लीत बेण्याच्या गोष्टी सुरू झाल्या, कुणाच्या शेतातला ऊस लावणीसाठी घ्यायचा, कुठली जात. मी मुद्दामच तोंड उघडलं नव्हतं. एका रात्री जेवताना पोरगंच म्हणालं, "आबा, बेणं बघाय पायजे. मुरगूडच्या बाजूला एकाकडं चांगलं हाय म्हणत्यात."

"कुणासाठी?"

"कुणासाठी म्हंजे? आपल्या मळ्यासाठी."

"वाट्यानं देणार हुतास की."

तो भाकरीचा तुकडा आमटीत फिरवत राहिला. "नंबर कुठं मागितलासा?" मग म्हणाला, "मला बी एक किल्ली द्या की आबा त्या पानाची. तुमी पावण्याकडं गेलासा तर?"

"बघू. आधी बेणं बघू. मी डोळ्यानं बघितल्याबिगार घेणार न्हाय, सांगून ठेवतो."

त्या सोमवारी त्याच्या गाडीवर आम्ही दोघं निघालो. तो म्हणत होता नवीन जात घेऊया, उतारा जास्त पडतो. मी म्हणत होतो ती वाऱ्यानं लोळते. मुरगूड आलं तरी आमचं भांडण मिटलं नव्हतं.